टर्मिनलला शेंदूर

पहिला घाव जबड्यावर बसला. सकाळचे अकरा वाजत आले होते. खोपोलीजवळ, साजगावच्या फाट्यावर बॅटरीवाल्याच्या दुकानासमोर माझी गाडी बॉनेट उघडून उभी होती. बॅटरीवाला वाकून बॅटरीच्या टर्मिनलवर किटलीतलं गरम पाणी ओतत होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. पण त्या दुकानासमोर दिवसभर मोटरसायकली थांबतात, म्हणून आम्ही दोघांनीही मान वळवली नाही. मागून 'ए' अशी हाक आली. बॅटरीवाला सरळ झाला, त्यानं तोंड वळवलं आणि टॉमी त्याच्या डाव्या गालाखाली लागली. टॉमी म्हणजे रिंगेतून टायर काढायची हातभर लांबीची लोखंडी पट्टी. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो फार मोठा नव्हता.

किटली खाली पडली. दुसरा घाव बॅटरीवाल्यानं डोकं झाकायला वर केलेल्या हाताच्या मनगटावर बसला. तिसरा चुकला आणि दुकानाच्या पायरीवर चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर पडला. तिचं काळं खोकं फुटून ॲसिड पायरीवरून खाली आलं. बॅटरीवाला तोपर्यंत गुडघ्यांवर बसला होता, त्याची पँट त्यात भिजली.

मारणारा घावांच्या मधे एकच वाक्य म्हणत होता.

"मेलेली बॅटरी दिलीस. माझी बायको मरती तिकडं."

त्याला मी ओळखत होतो. तो कर्जत स्टेशनवरून डोंगराखालच्या गावांना आणि वरच्या वाड्यांना प्रवासी नेणारा जीपवाला. वय पस्तिशीच्या पुढे. अंगावर कालचेच कपडे होते आणि शर्टाच्या बाहीला गवताची कुसळं चिकटलेली होती.

समोरच्या चहाच्या टपरीवरचे आणि कारखान्याच्या गेटपाशी थांबलेल्या ट्रकवरचे लोक धावून आले. त्यांनी आधी टॉमी काढून घेतली. मग त्याला खाली पाडलं आणि मारायला सुरुवात केली. एकानं हेल्मेट वापरलं. जीपवाल्यानं अंग झाकलं नाही, हात वर केले नाहीत. पोलीस येईपर्यंत त्याच्या भुवईचं मांस लोंबत होतं आणि एक डोळा बंद झाला होता. मी त्या वेळी दुकानातल्या पिंपातून बादल्या भरून बॅटरीवाल्याच्या मांड्यांवर पाणी ओतत होतो. त्याचं तोंड बंद होत नव्हतं. तो हातानं मला खूण करत होता, पाणी ओतत राहा म्हणून. ॲसिडचं काय करायचं हे त्या अवस्थेतही त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मी भिसेगावात राहतो आणि कर्जत-खालापूरच्या बातम्या जिल्ह्याच्या पानासाठी पाठवतो. अपघात, मारामाऱ्या, बुडालेले पर्यटक, कंपनीतले स्फोट. रसायनीपासून माथेरानच्या पायथ्यापर्यंत कुठंही कधीही निघावं लागतं, त्यामुळे गाडी सुरू होणं ही माझ्या कामाची पहिली अट. माझ्या गाडीच्या बॅटरीला एक खोड होती. दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या एका टर्मिनलवर पांढरा-हिरवा, भुसभुशीत थर चढायचा. त्यासाठी मी या दुकानात जायचो.

बॅटरीवाला पन्नाशीचा, बुटका, बोलायला मोकळा. बॉनेट उघडलं की पहिला टोमणा ठरलेला. "भाऊ, दही कवा लावलंत? चांगलं घट्ट झालंय की." मग काम. आधी टर्मिनलच्या खुंट्यांवर बसवलेले वायरींचे क्लॅम्प सोडवायचे, काळा म्हणजे निगेटिव्ह पहिला. गरम पाण्यात खायचा सोडा घालून तो ओतायचा, थर फसफसून उतरतो. जुन्या दातांच्या ब्रशनं कोपरे काढायचे. फडक्यानं कोरडं करायचं. शिशाची खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करायची. क्लॅम्प खुंटीवर पूर्ण खाली बसवून दहा नंबरच्या पान्यानं आवळायचा. आणि सगळ्यात शेवटी, वरून, व्हॅसलीनचा पातळ हात. थर का चढतो, तेही त्यानं मला समजावलं होतं. बॅटरीत पाणी जास्त भरलं की ॲसिडची वाफ खुंटीच्या बुडाशी पाझरते आणि तांब्या-शिशाला खाते. वरून तेलकट काही असलं की वाफेला धातू सापडत नाही.

कर्जतचे जीपवाले व्हॅसलीनऐवजी शेंदूर लावतात. मी हे दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. डोंगराखालच्या गावांत दसऱ्याआधी वेशीवरच्या देवाला नवा शेंदूर चढवतात, तेलात कालवून. उरलेला वाट्यांमधून घरोघर जातो आणि दसऱ्याला नांगराच्या फाळाला, कोयत्याला, विळ्याला आणि आता जीपला लागतो. कुणीतरी कधीतरी बॉनेट उघडून बॅटरीलाही लावला असावा. त्या खुंट्यांवर वर्षभर पांढरा थर आला नाही, हे जीपवाल्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून स्टँडवरच्या बहुतेक जीपच्या टर्मिनलवर लाल गोळा दिसतो. बॅटरीवाल्याला ते मान्य होतं. "काम तेल करतं, नाव देवाचं व्हतं. आपल्याला काय?" त्यानंही दुकानात शेंदराची एक वाटी ठेवली होती. कर्जतची जीप आली की तो व्हॅसलीन बाजूला सारायचा आणि क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून शेंदूर फासायचा.

या जीपवाल्यानं दसऱ्याच्या आठवडाभर आधी त्याच्याकडून नवी बॅटरी नेली होती.

त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी. तो मारकुटा होता. कर्जत स्टँडवर पाळीवरून भांडण झालं तेव्हा त्यानं एका रिक्षावाल्याचं बोट उलटं वाकवून मोडलं होतं. ती तीन ओळींची बातमी मीच दिली होती. बायकोलाही तो मारायचा. ती एकदा आरोग्य केंद्रात गळ्याचं हाड मोडून आली, विहिरीवर पाय घसरला म्हणाली. तिथल्या नर्सनं ते मला सांगितलं आणि लिहू नका असंही सांगितलं. तक्रार नसली की बातमी होत नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मारहाणीच्या आदल्या दिवशी शेतात काय झालं ते मी नंतर तिथं असलेल्या तिघांकडून वेगवेगळं विचारून घेतलं. तिघांचं सांगणं जुळलं.

दसरा होऊन पाच दिवस झाले होते. माळावर गवत कापायला अकरा माणसं होती. जीपवाल्याची बायको कापलेल्या गवताचा भारा उचलत असताना खालच्या घोणसानं तिच्या उजव्या हाताला डंख मारला, पहिल्या दोन बोटांच्या मधे. दुपारचे साडेतीन. हात कोपरापर्यंत सुजायला वेळ लागला नाही. जीप तीनशे पावलांवर, शेताच्या वाटेला उभी होती. नवऱ्यानं तिला उचलून नेलं, मागच्या सीटवर टाकलं आणि सेल्फ मारला.

टक् एवढाच आवाज आला.

तो पुन्हा पुन्हा मारत राहिला, तेवढाच आवाज येत राहिला. त्यानं उतरून बॉनेट उघडलं. दोन्ही टर्मिनल लाल, स्वच्छ होते. पांढऱ्या थराचा कणही नव्हता. टर्मिनलवर दोष दिसत नाही म्हणजे बॅटरीच मेलेली, असं त्यानं ठरवलं. थर असता तर त्यानं क्लॅम्पवर दोन ठोके घातले असते, हलवून पाहिला असता. सगळे जीपवाले तेच करतात आणि गाडी एकदा तरी सुरू होते. त्यानं हात लावला नाही. सगळ्यांनी मिळून ढकललं. जीप वाटेवरून खाचरातल्या ओल्या मातीत उतरली, मागची चाकं रुतली. फोनला तिथं रेंज नाही. एक जण धावत टेकाडावर गेला. शेवटी गवत न्यायला आलेला एक टेंपो वाटेवर अडवला, अर्धे भारे खाली फेकले आणि उरलेल्यांवर तिला घालून कर्जतला नेलं. तिथून लस देऊन पनवेलला. पाऊण तास जीपपाशी गेला होता.

ती रात्र तो पनवेलला दवाखान्याच्या बाहेर उभा होता. सकाळी डॉक्टर म्हणाले, चोवीस तास गेल्याशिवाय काही सांगता येत नाही. त्यानं कुणाची तरी मोटरसायकल मागितली आणि निघाला. वाटेत टॉमी कुठून घेतली, हे पोलिसांनाही कळलं नाही.

ती जगली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बॅटरीवाल्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून तोंड बंद केलं. चार दात गेले. मनगटाला प्लास्टर, मांड्यांवर भाजल्याच्या खुणा. दीड महिना त्याला नळीनं पेज प्यायची होती. मी भेटायला गेलो तेव्हा तो दातांच्या फटीतून बोलला, शब्द नीट कळत नव्हते. त्याला एकच सांगायचं होतं. बॅटरी चांगली होती.

जीपवाला कोठडीत होता आणि त्यानं जबाबात एकच सांगितलं होतं. बॅटरी मेलेली होती. हे कर्जत स्टँडवर पोहोचलं होतं आणि तिथं सगळ्यांनी ते खरं धरलं होतं. ज्याची बायको मरणाच्या दारात होती, असा माणूस खोटं कशाला बोलेल. दोन जीपवाल्यांनी बॅटरीवाल्याकडून घेतलेल्या बॅटऱ्या काढून परत आणल्या, बंद दुकानासमोर ठेवल्या आणि निघून गेले.

बाराव्या दिवशी पोलिसांनी जीपचा पंचनामा ठेवला. मालक कोठडीत असल्यानं ती खाचरातच उभी होती. बॅटरी तपासायला बॅटरीवाल्यालाच बोलावलं. त्याला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी घेऊन गेलो. हवालदार खोपोलीचे, निवृत्तीला आलेले. कर्जतच्या हद्दीत यायला लागलं म्हणून ते सबंध रस्ताभर कुरकुरत होते. गावातले दोन पंच मिळाले. ते हवालदारांसाठी खुर्ची शोधायला घराकडे गेले आणि हवालदार आंब्याच्या सावलीत उभं राहून कागदाच्या वरच्या भागात गावाचं नाव, तालुका असं लिहू लागले.

जीपपाशी आम्ही दोघंच होतो. बॅटरीवाल्यानं मीटरच्या दोन सुया टर्मिनलच्या माथ्यावर टोचल्या. बारा पॉइंट चार व्होल्ट. बॅटरी जिवंत होती. त्यानं मीटर माझ्यासमोर धरलं, बराच वेळ. मग तो दहा नंबरचा पाना लावायला गेला आणि थांबला. पाना लावायची गरजच नव्हती, पॉझिटिव्हचा क्लॅम्प दोन बोटांनी फिरत होता. त्यानं तो वर उचलला. आतून तो पूर्ण लाल होता. खुंटीही लाल होती, बुडापासून माथ्यापर्यंत, सगळीकडून सारखी. शेंदराचा थर नखाएवढा जाड होता आणि वाळून कडक झाला होता. शिशाला शिसं कुठंच लागत नव्हतं.

तेवढ्यात जीपवाल्याची बायको तांब्यात पाणी घेऊन आली. तिला दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी सोडलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, तांब्या डाव्या हातात. तिनं क्लॅम्पकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिनं सांगितलेलं मी इथं माझ्या भाषेत देतो. दसऱ्याला हत्यारांची पूजा त्या घरात तीच करते. नवरा देवळाकडे गेला होता. वेशीवरच्या देवाला शेंदूर लावताना पाठीमागची, बुडाची, कुठलीच जागा सोडत नाहीत. देवाचं अंग उघडं राहिलं तर वर्ष वाईट जातं असं तिच्या सासूनं शिकवलं होतं. बॅटरीच्या खुंटीचं अंग क्लॅम्पखाली झाकलेलं होतं. तिनं पाना शोधला, क्लॅम्प ढिला करून काढला, खुंटीला सगळीकडून शेंदूर लावला, क्लॅम्पच्या आतही लावला आणि परत बसवला. दोन्ही बाजूंना तसंच करायचं होतं, पण दुसरा तिच्यानं सुटला नाही. पान्यानं परत किती आवळायचं असतं, ते तिला माहीत नव्हतं.

शेंदूर ओला होता तोवर क्लॅम्प कुठं ना कुठं शिशाला टेकत होता आणि जीप चालली. वाळल्यावर बंद पडली.

"आमच्या ह्यांना नका सांगू," ती म्हणाली. "माझा जीव घेतील."

बॅटरीवाल्यानं तारेनं बांधलेल्या दातांतून उत्तर दिलं. मी जवळ होतो म्हणून मला कळलं.

"माझं नाव गेलंय, बाई."

"तुमचं नाव गेलं. मला दोन पोरी हायत."

त्यानं क्लॅम्प हातातून सोडला नाही. खरं लिहून घ्यायलाच तो आला होता, आणि खरं त्याच्या हातात होतं. मी हवालदारांकडे गेलो आणि पंच येण्याआधी त्यांना सगळं सांगितलं, बाईची भीतीही. त्यांनी ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"बॅटरीत करंट आहे ना?"

"आहे."

"क्लॅम्प ढिला आहे ना?"

"आहे."

"मग बॅटरी सुस्थितीत, क्लॅम्प रस्त्याच्या धक्क्यांनी ढिला. खोटं काय त्यात? इथला रस्ता बघितलात ना येताना? रस्ता काही जबाब द्यायला येणार नाही."

मी परत येऊन बॅटरीवाल्याला ते सांगितलं. बॅटरी चांगली होती हे कागदावर येणार होतं, तेवढं त्याला पुरलं असावं. पंच खुर्ची घेऊन वाटेला लागलेले दिसत होते. त्यानं खिशातून पॉलिश पेपर काढला आणि एका हातानं, प्लास्टरचा हात टेकणाला घेऊन, खुंटी आणि क्लॅम्प घासले. लाल भुकटी खाली चिखलात पडली, ती बाईनं पायानं दाबली. त्यानं क्लॅम्प बसवला, आवळला आणि वरून हात फिरवून टर्मिनलवरचा जुना शेंदूर सारखा केला. हवालदारांनी सेल्फ मारायला सांगितला. जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. पंचांनी दाखवलं तिथं सह्या केल्या.

जीपवाला दीड महिन्यानं जामिनावर सुटला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मधे पडून ठरवलं की त्यानं दुकानात जाऊन बॅटरीवाल्याच्या पाया पडायचं आणि केस पुढं मिटवायची. बॅटरीवाल्यानं मला फोन केला. "तुमी या. मधी कुणीतरी पाह्यजे." त्याची तार निघाली होती, पण जबडा अजून पूर्ण उघडत नव्हता.

ते दुपारी आले. जीपवाला आणि दोन म्हातारे. म्हातारे टपरीवर बसले. जीपवाल्यानं नारळ पायरीवर ठेवला, वाकला, बॅटरीवाल्याच्या पायांना हात लावला आणि सरळ झाला. त्याच्या भुवईवर आडवा व्रण होता. मला वाटलं, झालं.

पण बॅटरीवाला बॅटरीवाला होता. जीप समोर उभी होती, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच घरात तोच शेंदूर निघणार होता. त्यानं बॉनेट उघडायला लावलं. त्याला ती चूक परत होऊ द्यायची नव्हती आणि कुणाची चूक ते सांगायचंही नव्हतं. त्यानं सुरुवात चांगली केली. रस्त्यानं क्लॅम्प ढिला होतो, दर महिन्याला हातानं हलवून बघत जा, हलला तर पाना लाव. जीपवाला मान हलवत होता.

"आणि शेंदूर लावशील तो आवळल्यावर. वरनं. आत जाता कामा नये."

"आत गेला तर?"

"करंट अडतो. सेल्फ नुसता टक् करतो."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. जीपवाला टर्मिनलकडे बघत राहिला.

"पूजा तिनं केली," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दहाचा पाना चुलीपाशी घावला मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरींनी टाकला आसंल म्हनलं."

त्यानं क्लॅम्प दोन बोटांनी हलवून पाहिला.

"तिनं खोलला व्हता."

त्यानं बॉनेट खाली केलं नाही. तो वळला आणि जीपच्या दाराकडे निघाला. म्हातारे चहा पीत होते, त्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. इथून त्याच्या घरापर्यंत तासाभराचा रस्ता आहे. मी ते अंतर मनात मोजत होतो आणि गावातल्या कुणाचा नंबर माझ्याकडे आहे ते आठवत होतो. एकाचाही नव्हता.

"आत मी लावला," बॅटरीवाला म्हणाला.

जीपवाला थांबला.

"तुझ्या बायकोनं वरनं लावला आसंल. आत मी लावला. नवी बॅटरी बसवली तवाच. ती बघ वाटी, हितलाच शेंदूर. गिऱ्हाईक लई व्हतं त्या दिवशी, आधी लावला नि मग क्लॅम्प दाबला. पोलिसांना रस्ता लिवायला मीच सांगितलं."

"आन पाना?"

"पान्याचं मला काय म्हाइत. तुज्या घरातला पाना."

जीपवाल्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तुमी व्हतात ना पंचनाम्याला. खरं हाय?"

मी हो म्हणालो.

आत शेंदूर असताना जीप त्या दुकानातून कर्जतपर्यंत आणि पुढे दहा-बारा दिवस कशी चालली, हा प्रश्न त्याला सुचायला हवा होता. सुचला नाही. तो परत आला, चालतच, आणि त्यानं उघड्या हातानं बॅटरीवाल्याच्या डाव्या गालावर मारलं. बॅटरीवाल्यानं हात वर केला नाही. दुसरी मूठ होती. ती हनुवटीवर बसली आणि बॅटरीवाला पायरीच्या कडेवर बसल्यासारखा पडला. म्हातारे ओरडत धावले, एकानं जीपवाल्याची कंबर धरली. तो सुटायची धडपड करत नव्हता. "माज्या बायकोची बोटं गेली," तो म्हणाला. "ह्यो वाटी दावतोय मला." म्हाताऱ्यांनी त्याला जीपमध्ये घातलं. बॉनेट टपरीवाल्यानं लावलं.

मी बॅटरीवाल्याला उठवलं. तोंडातून रक्त येत होतं आणि जबडा पुन्हा एका बाजूला गेला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी आत्ताच तार काढली होती, आता परत काय झालं, असं विचारलं. तो पायरीवर पडला, असं मी सांगितलं.

त्यानं नवी तक्रार दिली नाही. जुनी मागे घेतली. स्टँडवर आता पूर्ण हकिकत पोहोचली होती, आधीच्यापेक्षा वाईट. बॅटरी चांगली होती, पण त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की काम खराब केलं होतं. कर्जतच्या जीप तिथं जायच्या बंद झाल्या. खोपोलीचे ट्रकवाले आणि कंपन्यांच्या बस येतात, दुकान चालू आहे. डाव्या बाजूनं त्याला अजून चावता येत नाही. मी एकदा त्याला विचारलं की पंचनाम्याच्या दिवशी नाव नाव करत होतास, मग त्या दुपारी काय झालं. तो माझ्या बॅटरीवर सोडा ओतत होता. म्हणाला, "तो दाराकडं गेला, तवा तुमी पन बघितलंत की." त्यानंतर तो फसफस थांबायची वाट बघत राहिला.

यातलं काहीच मी तेव्हा बातमीत लिहिलं नाही. पानावर फक्त पहिल्या दिवशीची मारहाण आली, सात ओळी.

होळीच्या आधीच्या आठवड्यात जीपवाल्याची बायको मला कर्जतच्या बाजारात दिसली. नवरा पुढे, ती चार पावलं मागे, दोघी मुली मधे. पिशवी डाव्या हातात होती. चेहऱ्यावर, हातांवर मला मार दिसला नाही. लुगड्याखाली काय होतं ते सांगता येणार नाही. सुक्या मासळीवालीपाशी ती थांबली, वाकली आणि उरलेल्या बोटांनी बोंबील चाचपून बघू लागली. नवऱ्यानं वळून तिला लवकर चल म्हणून हाक मारली. तिनं बोंबील पिशवीत टाकले, मुलींना पुढे घातलं आणि माझ्यासमोरून गेली. मी ओळख दाखवली नाही.